पंचांगाच्या चौकटीशेजारी दोन ओळी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर रोज पंचांगाची एक लहानशी चौकट असते. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, सूर्योदय, सूर्यास्त. आमच्या घरात ती कित्येक वर्षं कात्रीनं कापून वहीत चिकटवली जायची. त्या चौकटीबद्दल मला एक विनंती करायची आहे. ती का सुचली हे कळण्यासाठी २४ जानेवारी २०२६ च्या शनिवारची, आमच्या अंगणातली संध्याकाळ सांगावी लागेल. पत्र लांबणार आहे. जागा असेल तेवढंच छापा, पण आपण स्वतः ते शेवटपर्यंत वाचावं.

मी अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला राहते. पुढं पडवी, आत दोन खोल्या, मागं अंगण. अंगणात एक शेवगा, पाण्याची टाकी आणि कपडे वाळत घालायची तार. माझे यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. धोटा अडकला, चादरीची किनार ओढू लागली, माग मध्येच बंद पडला की त्यांना हाक यायची. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

२००९ साल आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष म्हणून साजरं झालं. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडं वळवली त्याला तेव्हा चारशे वर्षं होत होती. त्या वर्षी हे पुण्याला एका शिबिराला गेले आणि येताना सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा पिशवीत घालून घेऊन आले. मला वाटलं, देव्हाऱ्याला लावायच्या असतील. त्यांनी वाळू भरलेल्या पिंपावर एक काच पक्की बसवली, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घातलं, वर दुसरी काच ठेवली आणि घासायला सुरुवात केली. थोडं घासायचं, पिंपाभोवती एक पाऊल पुढं सरकायचं, वरची काच किंचित फिरवायची, परत घासायचं. कामावरून आल्यावर रोज तास-दीड तास हेच चालायचं. अशा घासण्यानं वरची काच मधून खोल होत जाते आणि खालची फुगते. कुठला साचा नाही की यंत्र नाही, नुसती हाताची चाल. पूड जाडीकडून बारीककडं बदलत जायची, आणि जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत आला तरी काचेवर ओरखडा. म्हणून प्रत्येक पूड बदलताना अंगण, पिंप, हात, कपडे सगळं धुऊन काढायचं. ते काम माझं होतं. एवढं करून त्या आरशाचा खोलगटपणा मधोमध किती, तर सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. पण तेवढ्यानं चार फुटांवर उजेड एका ठिकाणी गोळा होतो. मग डांबरासारख्या राळेच्या थरावर पॉलिश, मग बाहेरगावी पाठवून अॅल्युमिनियमचा मुलामा. आठ इंची पीव्हीसीचा पाइप नळी म्हणून घेतला, आणि मशिनच्या खोक्याच्या प्लायवूडची बैठक केली. नळी हातानं ढकलली की फिरते, सोडली की तिथंच थांबते, कारण खाली टेफ्लॉनचे तुकडे आहेत. मागाचं कसब त्यात पुरेपूर उतरलं होतं. कुठं करकर नाही, कुठं हिसका नाही.

ते गेल्यावर मी त्या नळीवर जुनी चादर घातली आणि कोपऱ्यात उभी करून ठेवली. तीन वर्षं उघडली नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत नात आली. सातवीत आहे. तिनं चादर काढली, नळीत डोकावली आणि म्हणाली, "आजी, आरशावर धूळ बसली आहे, आजोबांना आवडलं नसतं." मग आम्ही दोघींनी तो आरसा काढला. पुसायचा नाही, हे मला पाठ होतं. आधी नळाच्या धारेखाली धूळ वाहून जाऊ द्यायची, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला कापूस नुसता स्वतःच्या वजनानं फिरवायचा, आणि शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा करून वाळवायचा. कडेला मुलामा थोडा गेला आहे, मधला भाग अजून लख्ख आहे. परत बसवून दोन्ही आरसे एका रेषेत जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ते हे काम पाच मिनिटांत करायचे.

आता हळदीकुंकवाचं सांगते. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी अशी तिन्ही घरं आहेत आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडं तरी वाण असतं. मला बोलवत नाहीत असं नाही. बोलवतात, पण मी दारातून तीळगूळ घेऊन परत येते, कारण आत गेले की ताटाशी बसलेल्या बाईचा हात माझ्यापाशी येऊन थबकतो. तिचा दोष नसतो, आणि तिलाही ते अवघड होतं. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ह्यांनी ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर पेपर घडी करून म्हणाले, "लक्षात ठेव हे." यंदा मी ठरवलं की माझ्याकडंही बायकांना बोलवायचं. कुंकवाचं ताट ठेवायचं नाही, म्हणजे कुणाचा हात थबकायचा प्रश्नच नाही. तीळगूळ द्यायचा आणि वाण म्हणून आकाश लुटायचं. रथसप्तमी रविवारी २५ तारखेला होती. आदल्या संध्याकाळी षष्ठीचा चंद्र, पौष संपून माघ लागलेला, हवा कोरडी आणि स्वच्छ. सोलापुरात याहून चांगली रात्र मिळत नाही.

अडचण उजेडाची होती. भिंतीपलीकडच्या खांबावरचा दिवा थेट अंगणात येतो. तो बंद करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून तारेवर दोन चादरी पिना लावून टांगल्या. आपली सोलापुरी चादर किती दाट विणीची असते ते त्या दिवशी कळलं. पलीकडचा दिवा पूर्ण झाकला गेला. शेजारच्या तिन्ही घरांना सांगून मागचे दिवे तासाभरासाठी बंद करवले. मोबाइलच्या बॅटरीवर वाणाच्या पिशव्यांचा लाल जिलेटीन कागद रबरानं बांधला, कारण लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. ही सवय लागायला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि एका पांढऱ्या झोतानं ती क्षणात जाते. तेवढा वेळ बायकांनी चादरीवर बसून तीळगूळ खाल्ला, शेंगाचटणी कुणाची चांगली यावर बोलणं झालं. बोलता बोलता एकेकीची मान आपोआप वर गेली. "अगं बाई, एवढ्या आहेत?" असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते अंधारात कळलं नाही.

बावीस जणी आल्या, पोरं वेगळी.

पहिल्यांदा चंद्र दाखवला. पश्चिमेला निम्म्याहून वर होता, एक तृतीयांश उजळलेला. अर्ध्या-अधुऱ्या चंद्रातच बघण्यासारखं असतं. पौर्णिमेला ऊन डोक्यावर असल्यासारखं सगळं सपाट दिसतं, पण षष्ठीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर तिथं नुकती सकाळ झालेली असते आणि डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात. एका विवराच्या कडेला ऊन लागलं होतं आणि तळ काळाकुट्ट होता, चुलीवर ठेवलेल्या रिकाम्या कढईसारखा. पहिली बाई डोळा लावून इतका वेळ गप्प राहिली की मागच्या म्हणायला लागल्या, दिसतंय का नाही? तिनं तोंड बाजूला केलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "जागा आहे ती. मी आपली त्याला दिवा समजत होते."

मी त्यावर बराच विचार केला. करव्याची कहाणी, चंद्रोदयाचा उपास, भाऊबीजेला चंद्राला ओवाळणं, आयुष्यभर त्याच्याशी एवढं नातं. पण तिथं दगड आहेत, उतार आहेत, सकाळ-संध्याकाळ आहे, हे डोळ्यानं बघितल्याशिवाय मनाला पटत नाही. पुस्तकात मीही शिकले होते.

पोरांनी विचारलं, आपलं चांद्रयान कुठं उतरलं? २३ ऑगस्ट २०२३ ला ते दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं. ह्यांच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून दक्षिण वर येते. तिथं बोट करून दाखवलं. यान दिसणार नाही हेही सांगितलं. सहा इंची आरशात चंद्रावरची दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी ओळखता येत नाही. पण त्या जागेवर त्या वेळी ऊन होतं, आणि पोरांना तेवढं पुरलं.

"अक्का, चंद्र पळतोय," असं एकजण सारखी म्हणत होती. दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळं भिंगातून चंद्र सरकत जातो आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर पडतो. मी म्हटलं, तो नाही पळत, आपलं अंगण फिरतंय. तिनं खाली जमिनीकडं बघितलं, मग शेवग्याला हात लावून परत डोळा लावला. पृथ्वीचं फिरणं मला तरी याहून सोपं कधी दाखवता आलेलं नाही.

शनीच्या वेळी मात्र अडलं. चंद्राच्या खालच्या बाजूला, पश्चिमेकडं, पिवळसर तारा म्हणजे शनी. वार शनिवार. दोन-तीन जणी मागं सरकल्या. एकीच्या मुलाला साडेसाती चालू आहे, ती म्हणाली, त्याच्या डोळ्याला डोळा देऊ नये. मी आग्रह केला नाही. श्रद्धा तिची आहे आणि काळजी मुलाची आहे. मी फक्त म्हटलं, मी आधी बघते, मला काय दिसतं ते सांगते. सध्या शनीची कडी जवळजवळ आडवी, कडेवरून दिसताहेत. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा तर ती दिसेनाशी झाली होती. शनीला सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून असं साधारण पंधरा वर्षांनी एकदा होतं, आणि मधल्या काळात कडी पुन्हा रुंद होत जातात. त्या रात्री तो एका मण्यातून आरपार आडवी सुई घातल्यासारखा दिसत होता. मी तसं सांगितल्यावर एकेक करून सगळ्या आल्या. साडेसातीवाली सगळ्यांत शेवटी आली. बघून म्हणाली, "इतका लहान आहे होय? इतका शांत?" तिनं मुलाला फोन लावून बोलावून घेतलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

पूर्वेकडून वर चढलेल्या मृगाकडं मी बोट केलं आणि म्हटलं, हे मृग नक्षत्र. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीत तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि खाली तो लखलखणारा व्याध, ज्यानं बाण मारला. लालसर आहे तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य. सगळ्या जणी गप्प. मग मोहोळकडच्या एका खेड्यातून आलेली शेजारची सासूबाई, शेतकऱ्याच्या घरातली, म्हणाली, "मृग तर जूनला लागतो की ओ. आता थंडीत कसा?"

संपादक महोदय, हा प्रश्न मला फार मोठा वाटला. सोलापूर जिल्ह्यात मृग माहीत नाही असं माणूस नाही. दुष्काळी मुलूख आहे आपला. रोहिणी बरसल्या का, मृगानं हात दिला का, आर्द्रा कोरड्या गेल्या का, नक्षत्राचं वाहन बेडूक आहे का गाढव, यावर सगळं पेरणीचं गणित. आपल्या पेपरातही ते दरवर्षी छापून येतं. पण त्या आजींनी सत्तर वर्षं मृगाचं नाव घेतलं आणि मृग डोक्यावर असताना तो ओळखला नाही. दोष त्यांचा नाही, कुणी दाखवलाच नाही.

मी अंगणात माणसं उभी करून ते सांगितलं. हे मला असंच सांगायचे. मध्ये एका मुलाला सूर्य म्हणून उभं केलं. त्याच्यापासून चार पावलांवर माझी नात, ती पृथ्वी. आणि चादर टांगलेल्या तारेपाशी एका मुलीला मृग म्हणून. मृग आणि पृथ्वी यांच्यामध्ये सूर्य आला, की पृथ्वीवरून मृगाकडं बघताना सूर्य आडवा येतो. तिकडं नक्षत्र आहे, पण भर दिवसा, सूर्याच्या उजेडात बुडालेलं. "मृग लागला" म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. ७-८ जूनला हे होतं. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला मृग दिसत नाही. नात चालत चालत सूर्याच्या अर्ध्या फेरीवर आली, सूर्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि समोर मृग. म्हणजे हिवाळा. सूर्य मावळला की मृग उगवलेलाच. म्हातारीनं पोरांच्या त्या फेरीकडं दोनदा बघितलं आणि स्वतःच सूर्याच्या जागी जाऊन उभी राहिली, आणि तिथून मान वळवून मृगाकडं बघितलं. "म्हणजे आम्ही पेरतो तेव्हा हा सूर्यामागं असतो," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या तीन ताऱ्यांकडं नीट निरखून बघत ती म्हणाली, "हे तर तिकांडं! आई म्हणायची. पौषात तिकांडं मावळतीला टेकलं की उठायचं आणि जात्यावर बसायचं. घड्याळ कुठं होतं?" म्हणजे ओळख होती. नाव दुसरं होतं, आणि मृगाशी त्याचं नातं तुटलं होतं. घरात घड्याळ आलं, दारात दिवा आला, आणि तिकांड्याकडं बघायचं कारण उरलं नाही. पलीकडून तेलुगू बोलणारी वैनी म्हणाली, आमच्यात ताऱ्याला चुक्क म्हणतात. माझं माहेर विजापूरचं, आम्ही चुक्की म्हणतो. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि हा शब्द दोघींचा जवळजवळ सारखा आहे हे त्या रात्री कळलं.

बाणाच्या खाली नुसत्या डोळ्यांना एक अंधूक ठिपका दिसतो. तिथं दुर्बीण लावली. तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. राखाडी पंख पसरल्यासारखा धूसर उजेड आणि त्याच्या पोटात चार तारे चौकोनात. तिथं नवे तारे जन्माला येताहेत. अंतर साधारण तेराशे प्रकाशवर्षं, म्हणजे डोळ्यांत शिरत होता तो उजेड तिथून निघाला तेव्हा आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. दुर्बिणीची किंमत इथं कळते. सहा इंचांचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा चारशे पटींहून जास्त उजेड गोळा करतो. ह्यांनी पिंपाभोवती मारलेल्या फेऱ्या त्यासाठीच होत्या. मी हे बोलले नाही, पण माझ्या मनात होतं.

गुरू नऊच्या सुमारास चांगला वर आला. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, त्या रात्रीच्या सगळ्या ताऱ्यांहून तेजस्वी. १० जानेवारीलाच तो सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला होता, त्यामुळं मोठा आणि ठळक होता. अंगावर दोन तपकिरी पट्टे, बाजूला एका ओळीत त्याचे चंद्र. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत हेच बघितलं. गुरूचा उजेड आपल्यापर्यंत यायला तेव्हा पस्तीस मिनिटं लागत होती. एका बाईनं हिशेब करून सांगितलं, म्हणजे मी घरी भाकरी थापत होते तेव्हा तो निघाला.

बाकीचं झरझर सांगते. डोक्यावर कृत्तिका होत्या, दुर्बिणीपेक्षा साध्या डोळ्यांनी सुंदर. दक्षिणेला घरांच्या वर अगस्त्य. उत्तरेला ध्रुव, क्षितिजापासून फक्त साडेसतरा-अठरा अंशांवर, कारण सोलापूरचा अक्षांशच तेवढा आहे. हात लांब करून एक मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणून दोन मुठींना थोडा कमी. पोरांनी लगेच मोजला. एकीनं अरुंधती विचारली. ती सप्तर्षींबरोबर रात्री दहाच्या सुमाराला उगवणार होती, लग्नसराईत संध्याकाळी दिसते. माझ्या लग्नात भटजींनी अरुंधती दाखवली ती मांडवाच्या कापडाकडं बोट करून. खरी अरुंधती मला पहिल्यांदा ह्यांनी दाखवली, लग्नानंतर वीस वर्षांनी, याच अंगणातून.

साडेनऊला बायका गेल्या. जाताना दारात एकीनं माझ्या हातावर तीळगूळ ठेवला, आणि मग तिच्या मागच्या प्रत्येकीनं ठेवला.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. सकाळी अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी, गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं. पोरं दुर्बिणीतून सूर्य बघायला आली होती. दुर्बीण मी मुद्दाम कुलपात ठेवली. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर डोळा क्षणात कायमचा जातो, आणि ही गोष्ट आपण छापाच, मोठ्या अक्षरात. त्याऐवजी हातआरशावर कागद चिकटवला, कागदाला बोटाच्या पेरापेक्षा लहान भोक पाडलं, आणि पायरीवरून ऊन आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडलं. दहा मीटरवर सूर्याचं वितीच्या निम्म्याएवढं गोल चित्र पडतं. भोक चौकोनी केलं तरी चित्र गोलच येतं, कारण ते भोकाचं नसून सूर्याचं असतं. पोरांनी भोकं बदलून बदलून खात्री करून घेतली.

आणि संध्याकाळी दारात चार बायका. "आज काय दिसणार आहे?"

मी आत जाऊन ह्यांची वही काढली. कारखान्यातली हिशेबाची जुनी लांब वही. डाव्या बाजूला आपल्या दैनिकातली पंचांगाची चौकट चिकटवलेली, आणि तिच्याशेजारी त्यांच्या हातच्या दोन ओळी. एका ठिकाणी लिहिलंय: "कृत्तिकांजवळ चंद्र. हवा स्वच्छ. हिला उठवून दाखवला." २१ डिसेंबर २०२० च्या पानावर: "गुरू आणि शनी एकाच भिंगात. एवढे जवळ जवळजवळ चारशे वर्षांनी." चौकट सांगते नक्षत्र कोणतं, आणि शेजारच्या ओळी सांगतात ते कुठं बघायचं. बारा-तेरा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडं.

तर माझी विनंती एवढीच. आपल्या चौकटीशेजारी रोज दोन ओळी छापाव्यात, आज संध्याकाळी आकाशात काय आणि कोणत्या दिशेला. दुर्बिणीची गरज पडू नये अशा. अशा ओळी लिहिणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हेच काम करते आहे. नमुना म्हणून मी काही लिहून पाठवते. ३ मार्चला फाल्गुन पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला ग्रहण लागलेलाच उगवेल आणि ६ वाजून ४७ मिनिटांनी सुटेल, क्षितिज मोकळं असलेल्या जागी थांबा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या थोडं आधी, सोलापुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होईल. ९ जूनच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू एकमेकांच्या अगदी जवळ येतील. त्याच दिवसांत मृग लागतो, म्हणून ढग आले तर वाईट वाटून घेऊ नका. ही शेवटची ओळ मोहोळच्या आजींच्या सांगण्यावरून घातली आहे.

रोज लिहिणारं कुणी मिळेपर्यंत सोलापूरपुरत्या ओळी मी पाठवीन. हस्ताक्षर चांगलं आहे माझं. कृत्तिका, रोहिणी, मृग, पुनर्वसू हे उन्हाळा लागेपर्यंत संध्याकाळी दिसतील, तेवढ्यात सुरुवात झाली तर बरं.

आणि वाचकांपैकी कुणाला बघायला यायचं असेल तर अमावास्येच्या आधीच्या शनिवारी आमची गल्ली मागचे दिवे बंद ठेवते आहे. फेब्रुवारीपासून तसं ठरलंय. तारेवरच्या चादरी मी काढलेल्या नाहीत.

आपली नम्र,
एका जॉबरची पत्नी,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर